भिंतीची उन्हाची बाजू

विहीणबाई,

काल भिंतीकडे जाऊन आले. तुमच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच. केतकी म्हणत होती, आई, एकट्या कशाला जाता, शनिवारी सगळेच जाऊ. मी म्हटलं, सगळे गेलो तर सगळे रडत बसतील, आणि मला तिथे भांडायला जायचंय. तिनं गाडीची किल्ली उचलली, मला मठाच्या फाटकाशी सोडलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिली. मुलगी तुमच्यावर गेलीय. कळतं सगळं, बोलत काही नाही.

दुधी अजून तिथेच आहे. थंडीनं पानं काळी पडून वेलाच्या नुसत्या दोऱ्या झाल्यात, पण तो आपला भिंतीला पाठ टेकून निवांत लोंबतोय, देठाला तुमच्या जुन्या परकराची लाल चिंधी मिरवत. आणि मागच्या आठवड्यात भिंत सांभाळणाऱ्या कॉलिनचा निरोप आलाय की महिनाअखेरीपर्यंत सगळे वेल भिंतीवरून उतरवायचे. हिवाळाभर ती भिंत उघडी ठेवून तपासणार आहेत, आणि वसंतात सांध्यांमधून जुना भुगा काढून नवा चुना भरणार आहेत. म्हणजे त्या दुधीचं काय करायचं ते आता ठरवायलाच हवं. तुम्ही म्हणत होतात, हा बियाण्याचा, याला हात लावायचा नाही. मी म्हणत होते, एवढा देखणा दुधी वाळवून फुकट घालवायचा? इराच्या वाढदिवसाला हलवा करू. भांडण ऐन रंगात आलं होतं आणि तुम्ही उठून चालत्या झालात. भांडण अर्धवट टाकून जायचं, ही कुठली रीत?

आपल्या भांडणांचा उगम मात्र माझ्याकडेच जातो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही, गंमतच वाटते. अमेय-केतकीच्या लग्नातली मी आठवते ना तुम्हाला? वरमाय. नाकात नथ आणि त्या नथीच्याही वर चढलेलं नाक. तुमच्या माणसांनी चहा आणला तर मी म्हटलं, मी कॉफी घेते. कॉफी आणली तर म्हटलं, आता नको. वास्तविक मला कॉफी आवडतच नाही. पण वरमाईनं एकदा तरी रुसायचं असतं असं माझ्या सासूनं बजावून ठेवलं होतं, आणि मी पडले मास्तरीण, नेमून दिलेला अभ्यास पुरा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग तुम्ही माझे पाय धुवायला तांब्यातून पाणी घेऊन आलात. ते पाणी, विहीणबाई, कढत होतं. मी तेव्हापासून म्हणतेय की मुद्दाम आणलंत. तुम्ही तेव्हापासून म्हणत होतात, कार्यालयाचा गिझर. चेहरा इतका भोळा करून म्हणायचात की माझा संशय दरवेळी पक्का व्हायचा.

ज्या वर्षी भूकंपानं ख्राइस्टचर्च हादरलं त्या वर्षी मी इथे अमेयकडे आले. पुढच्या वर्षी केतकीचं बाळंतपण करायला तुम्ही आलात, आणि मग राहिलात. रोटोटुना वस्तीतल्या त्या नव्याकोऱ्या घरात, जिथे शेजारच्या घराचा दरवाजाही आपल्यासारखाच आणि लेटरबॉक्सही आपल्यासारखाच, तिथे दोन विधवा विहिणी एका ओट्यापुढे उभ्या. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, कसं काय जमतं गं? मी सांगायचे, जमत नाही, आम्ही दोघीही सभ्य आहोत एवढंच.

तुमचा सभ्यपणा तर असह्य होता. मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये, या नियमात वाढलेल्या तुम्ही. तुमची आई तुमच्या सासरी यायची ती फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी बरोबर घेऊन, हे तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, अहो, तो नियम मुलीला मूल होईपर्यंत. इरा झाली, तुम्ही सुटलात. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, मूल झाल्यावर जेवावं असं आहे, राहावं असं कुठे आहे? वर्गात एखादं पोर असं विचारायचं तेव्हा मी त्याला खिडक्या लावायला पाठवायचे.

मग तुम्ही राहिलात, पण पाहुणीसारख्या. अर्धी पोळी कमी घ्यायचात. पानात जे पडेल त्याला छान म्हणायचात. एकदा माझं पिठलं तळाला चांगलं करपलं होतं, अमेयनं ताट बाजूला सारलं, इरानं नाक धरलं, आणि तुम्ही म्हणालात, "खमंग झालंय." मला इतका राग आला म्हणून सांगू. करपलेल्याला करपलं म्हणण्याइतकीही ओळख नाही का आपली?

ती भिंत तुम्ही शोधलीत ती याच हट्टापायी. गावाबाहेरच्या त्या पडक्या मठाजवळ लोकांना भाजीसाठी वाफे देतात, असं तुम्हाला लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं. पाटीवर प्रायरी असं काहीतरी लिहिलंय, आपण दोघी मठच म्हणत आलो. साधू कधीच गेलेले. छप्पर उतरवलेलं, प्रार्थनेच्या जागेची एक तिकोनी भिंत आणि कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या उरलेल्या. पण त्यांच्या बागेची ती लांबलचक विटांची भिंत मात्र उभी, पुरुषभर उंच, जागोजाग जुन्या खिळ्यांची भोकं पडलेली. कॉलिन म्हणाला होता, साधू तिथे नासपतीची झाडं भिंतीला चिकटवून वाढवायचे. निवृत्त गवळी तो, म्हणजे इथल्या मापानं गवळी, शेकडो गायींचा. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बारा महिने त्या भिंतीची राखण करणारा. त्याची अट एकच होती: काहीही लावा, भिंतीला खिळा मारायचा नाही.

घरी येऊन तुम्ही जाहीर केलंत की भाजी तुमच्या वाफ्यातली असेल. तुम्ही पिकवणार, घर खाणार, आणि मग तुमच्या पानात काय पडतं याचा हिशेब कुणी करायचा नाही. मी त्याच दिवशी म्हटलं, मीही येणार. तुम्हाला वाटलं मदतीला. मी येत होते लक्ष ठेवायला. मला एकटीला घरात बसवून तुम्ही अन्नदात्या होणार, हे मला चालणार नव्हतं.

आता तो प्रसंग लिहिते, कारण तो लिहिला नाही तर तुम्ही वर बसून हसाल की बाई तेवढाच बरा विसरली. वाफा भिंतीच्या कुठल्या बाजूला घ्यायचा हे मी ठरवलं. उभं आयुष्य भूगोल शिकवलेली मी. हातातली काठी उंचावून कॉलिनला, तुम्हाला आणि तिथल्या दोन बदकांना मी समजावलं की ऊन दक्षिणेकडून येतं, घराची दक्षिण बाजू ऊबदार असते, तेव्हा वाफा दक्षिणेला. जिनं फळ्यावर खडूनं विषुववृत्त काढून त्याच्या खाली काय आणि वर काय हे शिकवलं, जिनं दक्षिण गोलार्ध न समजलेल्या मुलांचे कान धरले, ती बाई दक्षिण गोलार्धात उभी राहून पुण्याचा सूर्य वापरत होती. कॉलिन म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. इथली माणसं म्हाताऱ्या बाईच्या तोंडाला लागत नाहीत.

मनुरेवाच्या शनिवारच्या बाजारात फिजीच्या त्या काकूंकडून आणलेलं बी आपण सावलीत पेरलं. वेल आला, वाढला, सूर्य शोधत भिंतीवर चढला, आणि वरून पलीकडे डोकावला. अलीकडे राहिले ते दुधी बोटाएवढे होऊन कुजले. उन्हाळा संपत आला तेव्हा कॉलिन येऊन उभा राहिला, टोपी काढली, आणि कुणाच्या मयताला आल्यासारखं हळूच म्हणाला, "लेडीज, द सन्स ऑन दि अदर साइड."

परतताना गाडीत तुम्हीच विषय काढलात.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. दोन्हीकडून भिंतीला हात लावून पाहिला. आपल्याकडची गार होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही वरमाय," तुम्ही म्हणालात, आणि खिडकीबाहेर बघत बसलात. तुमचे खांदे हलत होते. मी आधी समजले रडताय.

अख्खा उन्हाळा तुम्ही माझ्या मानासाठी सावलीत पाणी घातलंत, विहीणबाई. हा मान होता की कढत पाण्याचा दुसरा तांब्या, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही उन्हाच्या बाजूला गेलात. मी मुद्दाम सावलीतच राहिले. सगळ्यांना सांगितलं, मेथी-कोथिंबिरीला इथल्या उन्हाळ्यात सावलीच लागते. खरंही निघालं ते, पण ते नशीब, अक्कल नाही. अशी आपल्या दोघींमध्ये ती भिंत आली आणि आपली खरी गट्टी तिथून झाली. विटांमध्ये ते भोक होतं ना, कमरेच्या उंचीवर, दोन विटा काढल्याएवढं. साधूंनी कशाला ठेवलं होतं ते कॉलिनलाही माहीत नव्हतं. मी थर्मासचा चहा त्यातून तुमच्याकडे सरकवायचे आणि तुम्ही कप रिकामा करून परत. घरी ओट्यापुढे आपण, घ्या ना, नको, तुम्ही आधी, असं करत भाकरी गार करायचो. भिंतीपाशी तोंड दिसत नसे, त्यामुळे जीभ सुटायची. पुण्याचं पाणी चांगलं की साताऱ्याचं, इथपासून आपण भांडलो. अमेय आळशी आहे हे तुम्ही मला त्या भोकातून सांगितलंत. केतकी हट्टी आहे हे मी तुम्हाला सांगितलं. दोघींनाही ते पटलं आणि घरी जाऊन दोघींनीही आपापल्या लेकराची बाजू घेतली. शेजारच्या वाफ्यातले लोक भिंतीशी बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या बघून "किया ओरा" असा इथला नमस्कार करायचे आणि जरा वळसा घालून जायचे.

दुधी हीप्स आले, इथल्या भाषेत ढिगानं. इरा तुम्हाला दुधी आजी म्हणायला लागली, आणि तिच्या शाळेतल्या बाईंना ते तुमचं नावच वाटायचं. तुम्ही दर वर्षी पहिलं, सगळ्यात चांगलं फळ चिंधी बांधून ठेवायचात. पहिलं फळ बियाला. बाजारात जाऊन परत बी आणता आलं असतं, मनुरेवा काही परदेशात नाही. पण तुम्हाला याच भिंतीचं बी हवं असायचं. मला ते बघवायचं नाही. कोवळा, तकतकीत, नख लावलं की पाणी सुटावं असा दुधी डोळ्यांसमोर जून होत जातो, आणि आपण घरी त्याच्या धाकट्या वाकड्या भावंडांची भाजी खायची. या वर्षी मी ठरवलं होतं, हा वाचवायचा. म्हणजे कापायचा.

"पुढच्या वर्षी काय पेराल मग?" तुम्ही भोकातून विचारलंत.

"पुढच्या वर्षी कोण आहे, कोण नाही," मी म्हटलं. मला माझं म्हणायचं होतं. वयानं मी मोठी, गुडघे माझे गेलेले, आधी जायचा नंबर माझाच होता. तुम्ही रांग मोडलीत.

त्यावर तुम्ही म्हणालात, "मुलीच्या घरी मरण आलं तर लोक काय म्हणतील हो?"

मी म्हटलं, लोक म्हणजे कोण? रोटोटुनात आपल्याला ओळखतो कोण, तो कोपऱ्यावरचा डेअरीवाला? तुम्ही हसलात. मीही हसले, कप मागून घेतला, आणि आपण निघालो. घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की तुम्ही खरंच विचारलं होतं. लक्षात आल्यावर तो विषय काढायला मला भिंत हवी होती, आणि पुढच्या फेरीच्या आत तुम्ही हॉस्पिटलात होतात.

मला उत्तर द्यायचं होतं. पुढे कितीतरी दिवस मी ते जुळवत होते. ते मुलीचं घर नाही, असं काहीतरी सुरू करायचे आणि पुढे शब्द अडायचे. कुणाचं आहे मग? अमेयचं म्हटलं तर झालंच, जावयाचं. माझं म्हटलं तर परत नथ चढली.

हॉस्पिटलातलं तुम्ही खाईनात. सूप नको, ते पांढरं थरथरणारं काहीतरी नको. मी डब्यात मऊ भात नेला, तूप, मेतकूट घालून. त्या भातात भिंतीवरचं एक पानही नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही. केतकी उशी नीट करत होती. दोन घास झाले आणि तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, झालं पोट भरलं, आता छान झालंय म्हणतील.

"विहीणबाई, मीठ कमी झालंय," तुम्ही म्हणालात.

मी चिडले. सांगितलं, डॉक्टरनं मीठ कमीच सांगितलंय, माप बरोबर आहे, तुमच्या तोंडालाच चव नाही. तुम्ही म्हणालात, माप असेल, पण अळणी आहे. पुन्हा एक घास घेऊन पुन्हा तोंड वाकडं केलंत. केतकी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. परतताना मी गाडीत तिला म्हटलं, बघितलंस, इतक्या वर्षांत एक शब्द नाही, आणि आता माझ्या मिठात खोट काढतात. ती काही बोलली नाही. सांगितलं ना, तुमच्यावर गेलीय.

मला काल कळलं. भिंतीपाशी उभी होते, तुमच्या बाजूला, म्हणजे उन्हाच्या. सवयीनं विटांना तळहात लावला. मे महिन्याची थंडी, गवतावर दहिवर, आणि वीट कोमट. आणि एकदम मला तो भात आठवला. मीठ कमी झालंय असं आपल्या घरात कोण म्हणतं? अमेय म्हणतो. इरा म्हणते, तेही इंग्रजीत. अमेयचे बाबा जन्मभर म्हणाले. पाहुणा कधी म्हणत नाही, पाहुणा करपलेल्याला खमंग म्हणतो. मी उत्तर जुळवत बसले होते आणि तुम्ही ते त्या खाटेवर, डब्यातला भात खाता खाता, देऊनही टाकलं होतंत. वर मी तुमच्याशी वाद घातला. बरंच झालं घातला ते. पाहुण्याशी कोण घालतं?

मग मी दुधीकडे वळले. पिशवीत सुरी नेली होती, हलवा अजून डोक्यातून गेला नव्हता. चिंधी बाजूला सारून मी त्याला नख लावलं, मंडईत लावतो तसं. रुतलं नाही. पुन्हा लावलं, जोरात. नखच दुखलं. साल लाकडासारखी झालीय, हलव्याच्या पलीकडे गेलाय तो. बोटानं टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज आला. बियांचं तुम्ही जिंकलात.

कॉलिन तेवढ्यात आला. तुमच्याविषयी त्याला काही बोलायचं होतं, पण ते त्याला जमेना, म्हणून तो भिंतीविषयी बोलत राहिला. म्हणाला, चुना भरताना ते दोन विटांचं भोक बुजवायचं असं कागदावर आहे, पण त्याला काही ते ठीक वाटत नाही, आणि कागद वाचायला तो जरा कच्चाच आहे. मी म्हटलं, तुझं वाचन आणि माझा भूगोल सारखेच. त्याला कळलं नाही, पण तो हसला. चुन्याचं काम आटोपलं की पुन्हा पेरायला येशील का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना.

वेल मी स्वतः उतरवला, जमेल तेवढा. दुधी देठासकट, चिंधीसकट घेऊन आले. केतकीनं तो गाडीत मागच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मग वाटेत ती एकदम म्हणाली की आई, पुढच्या वर्षी वाफ्यात मी येईन, भोकाच्या पलीकडे कुणीतरी लागेल ना तुम्हाला. मी म्हटलं, ये, पण आधी सांगते, तुझा नवरा आळशी आहे. ती म्हणाली, माहीत आहे, माझ्या आईनंच सांगितलंय. म्हणजे तुम्ही तिलाही सांगितलं होतंत. मी ते फक्त भोकापुरतं समजत होते.

दुधी आता स्वयंपाकघरात टांगलाय, तुमच्या खुर्चीच्या वर. इरानं विचारलं, व्हाय इज इट वेअरिंग अ रिबन? मी म्हटलं, तो मान आहे त्याचा.

रात्री आमटी मी केली. मीठ घालताना तुमच्यासाठी चिमूटभर जास्त घातलं, आणि मग घातलं की नाही आठवेना म्हणून परत घातलं. अमेयनं पाण्याचा पेला एका दमात संपवला. इरा म्हणाली, "आजी, इट्स सो सॉल्टी." केतकीनं मात्र वाटी पुढे केली आणि आणखी मागितली. मी ओरडू दिलं सगळ्यांना. घरात परत कुणीतरी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतं, आणि तुमची खुर्ची रिकामी असली तरी नावं ठेवणाऱ्यांत मी तुम्हालाही धरलं.

तेव्हा बियाणं तुमचं. मीठही तुमचं. उन्हाची बाजू तर तुमचीच होती. पण पाय धुवायच्या पाण्याचं मी अजून सोडलेलं नाही, विहीणबाई. तो गिझर नव्हता.